साखळी तुटत नाही, कडी उघडते

चार्म ब्रेसलेट घ्यायला गेलेल्या माणसाचा सगळा वेळ चार्म निवडण्यात जातो. किल्ली, हृदय, आयफेल टॉवर, बाळाचे पाऊल, राशीचे चिन्ह, नावाचे आद्याक्षर, एकेक हातावर ठेवून पाहिले जाते. साखळीची चौकशी मात्र दोनच प्रश्नांत आटोपते: सोन्याची की चांदीची, आणि किती ग्रॅमची? पुढे काही महिन्यांत एखादा चार्म गळतो, किंवा अख्खे ब्रेसलेट लग्नाच्या हॉलमध्ये कुठेतरी पडते. मग ‘साखळी नाजूक होती’ असे निदान होते आणि पुढच्या वेळी जरा वजनदार साखळी घेतली जाते. हे निदान बरेचदा चुकलेले असते. साखळी किती टिकेल हे धातूच्या नावावरून किंवा एकूण वजनावरून फारसे कळत नाही. ते ठरते एकेका कडीत. कडीची तार किती जाड आहे, तारेची दोन टोके जिथे भेटतात तिथे डाख दिला आहे की ती नुसती चिकटवून ठेवली आहेत, आणि दोन कड्या एकमेकींवर जिथे घासतात तिथे झिजायला धातू किती शिल्लक आहे, एवढे आधी पाहावे. सोने की चांदी हा प्रश्न त्यानंतरचा.

भारापासून सुरुवात करू. चांदीचा साधा चार्म दोन ते चार ग्रॅमचा असतो. असे दहा-बारा लावले तरी सगळे मिळून चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मध्यम आकाराच्या लिंबाएवढे वजन झाले. एवढ्या वजनाने कुठलीही बरी साखळी तुटत नाही. ती तुटते झटक्याने. चार्म साडीच्या जरीत अडकतो, पर्सच्या पट्ट्यात किंवा दाराच्या कडीत गुंततो आणि हात मात्र आपल्या वेगाने पुढे जात असतो. त्या क्षणी काही ग्रॅमचा प्रश्न काही किलोंचा होतो. म्हणजे साखळीला दोन वेगळ्या गोष्टी सोसायच्या असतात: क्वचित बसणारा मोठा झटका, आणि रोज हजारो वेळा होणारे बारीक घर्षण. यातली एक सोसणारी साखळी दुसरी सोसेलच असे नाही, आणि खरेदीतला गोंधळ पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

झटक्याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ९२५ शिक्क्याच्या चांदीची, ०.८ मिलिमीटर जाड तारेची, आतून ३ मिलिमीटर व्यासाची गोल कडी घ्या. ही चांदी मऊ अवस्थेतही दर चौरस मिलिमीटरला वीसेक किलोचा ताण सहन करते. कडीच्या दोन्ही बाजू मिळून साधारण एक चौरस मिलिमीटर धातू भरतो. म्हणजे कडी पूर्ण बंद, डाख देऊन जोडलेली असेल, तर ती तुटायला वीस किलोंच्या आसपास जोर लागेल. त्याआधी ती फार तर लांबट होईल. आता हीच कडी डाख न देता, टोके नुसती समोरासमोर आणून बंद केलेली आहे असे धरा. फट एका बाजूला आली की सगळा ताण दुसऱ्या बाजूवर पडतो, आणि तिथे धातू ताणला जाण्याऐवजी वाकू लागतो. वाकवायला जोर फार कमी पुरतो. याच मापांवर तो एक किलोच्याही आत येतो. धातू तोच, वजन तेच, किंमतही जवळपास तीच, आणि ताकद वीस-पंचवीस पट कमी. हरवलेल्या ब्रेसलेटचा उरलेला तुकडा नीट पाहिला तर तुटलेली तार सहसा दिसत नाही. ‘सी’ अक्षरासारखी उघडी पडलेली कडी दिसते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ताण सोसण्याची ताकद तारेच्या जाडीच्या वर्गाने वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. तार ०.८ वरून १ मिलिमीटर केली तर ताणाची ताकद दीडपटीच्या थोडी वर जाते, वाकण्याचा विरोध मात्र जवळजवळ दुप्पट होतो. उलट कडीचा घेर वाढला की तीच तार सहज उघडते, कारण जोर लागण्याचे अंतर वाढते. म्हणून बारीक तारेच्या मोठमोठ्या कड्यांची हवेशीर साखळी शोकेसमध्ये कितीही ऐटदार दिसली तरी चार्म अडकवायला सगळ्यांत वाईट. जाड तारेची, छोट्या घेराची कडी दिसायला जरा ठेंगणी, पण काम तीच करते. रोज घालायच्या, आठ-दहा चार्मच्या ब्रेसलेटसाठी चांदीत १.२ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. दोन-तीन हलके चार्म असतील तर एक मिलिमीटरही चालेल. सोनाराकडे तारेचे गेज असते, वर्निअर कॅलिपरही असतो. ग्रॅम विचारतो तसे हे माप विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

डाख दिला आहे की नाही हे ओळखणे अवघड नाही. साखळी बोटावर आडवी घ्यावी आणि सोनाराच्या भिंगाखाली एकेक कडी फिरवत पाहावी. न जोडलेल्या कडीत केसाएवढी काळी रेघ दिसते; नख फिरवले तर ते तिथे अडते. जोडलेल्या कडीत त्या जागी किंचित वेगळ्या छटेचा पट्टा किंवा हलकासा फुगवटा असतो, आरपार फट नसते. सगळी साखळी पाहण्याइतका वेळ नसेल तर निदान दोन्ही टोकांच्या कड्या, हूकजवळच्या रिंगा आणि प्रत्येक चार्मची रिंग पाहावी, कारण साखळी कारखान्यात जोडली गेली तरी या रिंगा शेवटी दुकानात पक्कडीने बसवलेल्या असतात. यंत्राची साखळी हाताच्या साखळीपेक्षा कच्ची, हा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. तो सरसकट खरा नाही. यंत्रावर कड्या विणल्या जातात तेव्हा काही वेळा तारेच्या पोटातच डाख भरलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत विणलेली साखळी तेलात कालवलेल्या डाखाच्या बारीक पुडीत बुडवतात, मग शंखजिऱ्याच्या भुकटीत घोळतात. अंगावरची पूड निघून जाते, फटीत शिरलेली तेवढी राहते, आणि भट्टीतून साखळी जाताना शेकडो कड्या एका दमात जोडल्या जातात. इटलीतल्या आरेत्सो आणि विचेन्झा या गावांनी असल्या साखळ्यांवर मोठा व्यापार उभा केला. हाताने डाख देणारा चांगला कारागीर याहून सरस काम करू शकतो, पण शंभर कड्यांत दोन-तीन कच्च्या राहण्याची शक्यता हातकामात जास्त, हे मान्य करायला हवे.

डाखाचा विषय निघाला की ‘केडीएम’ हा शब्द येणारच. जुन्या सराफी पाट्यांवर तो अजून दिसतो. पूर्वी सोन्याच्या डाखात तांब्याचे प्रमाण बरेच असे, त्यामुळे दागिना वितळवला की कस खाली येई. त्यावर उपाय म्हणून ९२ टक्के सोने आणि ८ टक्के कॅडमियमचा डाख आला. सांधा छान बसे, कसही टिके. पण कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक ठरली, आणि भारतीय मानक ब्यूरोने तो डाख बाद केला. त्याची जागा जस्तासारख्या इतर धातूंच्या डाखांनी घेतली. आज पाटीवर ‘केडीएम’ लिहिलेले असले तरी त्यावरून साखळीच्या मजबुतीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हॉलमार्कचेही तेच. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला सोन्याचा हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक कस किती ते सांगतो. फसवणूक टाळायला तो हवाच. पण कडी जोडलेली आहे का, साखळी भरीव आहे की पोकळ, हे तपासणे त्या शिक्क्याचे काम नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून दुकानातून निघणारे गिऱ्हाईक फसते.

घर्षणाची गोष्ट झटक्यापेक्षा संथ आहे आणि तिथे धातूला खरेच महत्त्व आहे. जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेला झिजेचा नियम साधा आहे: दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितक्या दाबाने आणि जितके अंतर घासतील तितकी झीज जास्त, आणि धातू जितका कठीण तितकी ती कमी. विकर्स मापाने शुद्ध सोन्याचा कठीणपणा २५ च्या आसपास, ९२५ चांदीचा ७० च्या आसपास, आणि १८ कॅरट पिवळ्या सोन्याचा मिश्रणानुसार १२० ते १५० भरतो. २२ कॅरट या टोकांच्या मध्ये, मऊपणाच्या बाजूला. म्हणजे ज्याला आपण ‘चोख’ म्हणून मान देतो तेच सोने कडीवर कडी घासताना सर्वांत लवकर हार मानते. यावर मराठी घरांतला आक्षेप ठरलेला: १८ कॅरटची मोड चांगली येत नाही, २२ घेतले तर पैसा तरी राहतो. आक्षेपात तथ्य आहे, मी तो उडवून लावणार नाही. पाटल्या, तोडे, गोठ २२ कॅरटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण त्यांत कडीवर कडी घासत नाही. चार्म ब्रेसलेटची रचनाच घासण्याची आहे. झिजलेले सोने कुठे जमा होत नाही, ते हवेत आणि कपड्यांत जाते, आणि हरवलेल्या चार्मची मोड शून्य रुपये. ठेव म्हणून सोने घ्यायचे तर ते बांगडीत घ्यावे, आणि रोजच्या ब्रेसलेटची साखळी १८ किंवा १४ कॅरटची असावी. सणावारी घालायची असेल तर २२ कॅरटलाही हरकत नाही, फक्त तार जाड हवी.

या दागिन्याच्या इतिहासातही भार कसा वाढत गेला ते दिसते. १८४० च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाला पहिली मुलगी झाली, तेव्हा प्रिन्स अल्बर्टने तिला सोन्याच्या साखळीचे ब्रेसलेट दिले. पुढे प्रत्येक अपत्यामागे त्यात मिन्याचे एक छोटे हृदय वाढत गेले आणि नऊ झाले; प्रत्येकात त्या मुलाचे केस. ते ब्रेसलेट आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. हृदये इवलीशी, संख्या नऊ, आणि घालणारीला भांडी घासायची नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या दागिन्याची लाट आली तेव्हा प्रत्येक वाढदिवशी, प्रत्येक सहलीला एक चार्म जोडला जाऊ लागला आणि ब्रेसलेट कारखान्यात, कचेरीत, स्वयंपाकघरात जाऊ लागले. शोभेचा दागिना रोजच्या कष्टाचा झाला, आणि नाजूक साखळीच्या जागी जाड कर्ब किंवा दुहेरी कड्यांच्या साखळ्या आल्या, यात नवल नाही.

दुहेरी कडीची साखळी मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते. तिच्यात प्रत्येक जागी एकाऐवजी दोन रिंगा शेजारीशेजारी असतात. भार वाटला जातो आणि एक उघडली तरी दुसरी धरून ठेवते. त्याखालोखाल कर्ब. तिच्या कड्या पीळ देऊन सपाट बसवलेल्या असल्याने त्या आपापसात कमी हलतात आणि कमी झिजतात, मात्र चार्मची रिंग ओवायला पुरेशी जागा आहे ना ते पाहावे लागते. साध्या केबल साखळीत लांबट कडी गोल कडीपेक्षा बरी. लांबट कडीत डाख सहसा लांब बाजूला येतो आणि घर्षण टोकांना होते, त्यामुळे सांधा वाचतो. गोल कडी फिरत राहते आणि कधी ना कधी डाखाचा सांधाच घर्षणाखाली येतो. स्नेक आणि बॉक्स साखळ्या गुळगुळीत, सुंदर, पण एकदा मुडपल्या की तो मोड जात नाही, आणि चार्मची रिंग त्यांना धरत नाही, ती नुसती घसरते. मणी ओवायच्या प्रकारात मात्र स्नेक साखळी शोभते. पॅन्डोरा या डॅनिश कंपनीने २००० साली आणलेल्या ब्रेसलेटमध्ये साखळीवर मधे मधे आटे ठेवले, म्हणजे सगळे मणी एका बाजूला गोळा होत नाहीत. तो वेगळा तोडगा आहे आणि चांगला आहे, पण लटकत्या चार्मला लागू नाही. आपल्याकडे या प्रश्नाचा अनुभव पैंजणांनी घेतला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीच्या पैंजणांचा मोठा धंदा आहे, आणि घुंगरांचा पैंजण रचनेने चार्म ब्रेसलेटचाच भाऊ. पायाला हातापेक्षा जास्त झटके बसतात. रुंद पट्टीच्या पैंजणात कड्या रांगांनी गुंफलेल्या असतात, त्यामुळे एका कडीवर सगळा भार येत नाही. बारीक एकपदरी पैंजणाचे घुंगरू किती लवकर गळतात, हे शाळकरी मुली असलेल्या घरांत सांगावे लागत नाही.

आता स्टील. स्वस्त, कठीण, काळे न पडणारे, मग चांदीच्या मागे कशाला लागायचे? प्रश्न रास्त आहे. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची, वेल्ड केलेल्या कड्यांची साखळी झटका आणि झीज दोन्हीत चांदीला मागे टाकते. अडचण साखळीला नाही, तिच्यावर लटकणाऱ्या चार्मला आहे. कठीण धातू मऊ धातूला खातो. स्टीलच्या साखळीवर चांदीचे चार्म लावले की साखळी जशीच्या तशी राहते आणि चार्मच्या रिंगा आतून खाचा पडत पातळ होतात. साखळी आणि चार्म एकाच कठीणपणाच्या धातूचे असावेत, आणि फरक ठेवायचाच असेल तर झिजायला स्वस्त वस्तू पुढे करावी, म्हणजे चार्मला वेगळी, बदलता येणारी रिंग लावावी. वन ग्रॅम गोल्ड आणि इतर मुलाम्याच्या साखळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुलामा काही मायक्रॉनचा, तो सर्वांत आधी कड्यांच्या टोकांवरून जातो, आणि आतले पितळ घामाने हिरवट होऊ लागते. एका समारंभापुरते ठीक. पोकळ सोनसाखळीपासून मात्र जास्त सावध राहावे, कारण ती खऱ्या सोन्याची असते, हॉलमार्कही खरा असतो, आणि कमी ग्रॅममध्ये भरघोस दिसते. तिच्या पातळ भिंतीला घर्षणाने भोक पडले की ती कडी संपली.

जोडलेल्या रिंगांवर एक व्यावहारिक हरकत घेतली जाते: सगळे डाख देऊन बंद केले तर चार्म बदलायचे कसे? या दागिन्याची गंमतच बदलण्यात आहे. यावर तोड अशी की साखळीच्या कड्या नेहमी जोडलेल्याच असाव्यात, आणि कायम राहणाऱ्या चार्मच्या रिंगाही. फिरते चार्म दुहेरी वेढ्याच्या रिंगेत लावावेत, किल्ल्यांची असते तशा. त्या रिंगेत तार स्वतःवरून पूर्ण फिरलेली असते, त्यामुळे उघडी फट नसते. किंवा स्प्रिंगचा लहान लॉब्स्टर हूक लावावा. ब्रेसलेटच्या मुख्य हूकलाही हाच न्याय. आपल्याकडे सर्रास दिसणारा एस-हूक गळ्यातल्या चेनला चालतो, कारण तिथे वजन त्याला खाली ओढून बंद ठेवते. मनगट सतत उलटेपालटे होते, तिथे एस-हूक सैल पडला की आपोआप निसटतो. लॉब्स्टर हूक आणि जोडीला बारीक सुरक्षासाखळी, हे मनगटासाठी ठीक. टॉगल दिसायला देखणा, पण आडवी दांडी सैल साखळीत सहज तिरकी होऊन बाहेर येते.

सर्वांत गंभीर आक्षेप उलट दिशेचा आहे, आणि साखळी विकणारे तो क्वचितच काढतात. वीस किलो सोसणारी साखळी यंत्रात, लिफ्टच्या दारात किंवा स्कूटरच्या हँडलला अडकली तर साखळी तुटणार नाही, मग मनगटाचे काय? अंगठी अडकून बोटाची कातडी सोलली जाण्याचे अपघात डॉक्टरांना चांगलेच माहीत आहेत. म्हणून मजबुतीला वरची मर्यादा हवी. पण त्यासाठी सगळ्या कड्या कच्च्या ठेवणे हा उपाय नव्हे. तसे केले तर ब्रेसलेट भलत्या क्षणी भलत्याच ठिकाणी उघडेल. कमजोर जागा एकच असावी आणि ती आपण निवडावी. हूकजवळची एक रिंग मुद्दाम न जोडलेली, जराशी जाड तारेची ठेवली, तर दीड-दोन किलोंच्या झटक्याला ती उघडेल, बाकी साखळी आणि चार्म शाबूत राहतील. मग सुरक्षासाखळी त्या रिंगेला वळसा घालून जाता कामा नये, नाहीतर दोघींचा हेतू एकमेकींना मारतो. यंत्रावर काम करणाऱ्यांनी आणि लहान मुलांसाठी घेणाऱ्यांनी सुरक्षासाखळी सोडून द्यावी, उघडणारी रिंग ठेवावी. कचेरीत बसणाऱ्यांनी उलट करावे.

घेतल्यानंतरची निगा थोडक्यात सांगता येते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. त्याने साखळी कमजोर होत नाही. कमजोर होते ती रांगोळीने आणि टूथपेस्टने घासून उजळवल्याने, कारण प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. कोमट पाण्यात रिठा घालून मऊ ब्रशने धुणे पुरते. तरणतलावात जाताना ब्रेसलेट काढावे. पाण्यातले क्लोरीन कमी कॅरटच्या सोन्यावर आणि डाखाच्या सांध्यांवर हल्ला करते. वर्षातून एकदा चार्म जरा सरकवून वेगळ्या कड्यांत लावले तर झीज सगळीकडे वाटली जाते. त्याच वेळी कडीच्या टोकांची आतली बाजू भिंगाखाली पाहावी. तार मूळ जाडीच्या अर्ध्यावर आली असेल तर तेवढ्या कड्या बदलून घ्याव्यात. भरीव साखळीत सोनार हे काम सहज करतो, आणि चार कड्यांची घडणावळ नव्या साखळीपुढे काहीच नाही. फक्त काम हातात येताच नव्या कड्यांचे सांधे तिथेच तपासावेत. तापवल्याने त्या कड्या मऊ पडलेल्या असतात, म्हणून सोनाराला त्या हलक्या हाताने ठोकून किंवा ड्रममध्ये फिरवून पुन्हा कडक करून द्यायला सांगावे.